कुर्बानचाचांनी उघडलेले डोळे

अमरावतीत ललितच्या फोटो लॅबमध्ये ज्योत्स्ना गेली होती ती स्वतःच्या पासपोर्ट फोटोंसाठी. दुपारची वेळ, काउंटरवर गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या टेबलावर एक मोठी प्रिंट फ्रेमच्या मापाला कापायला पसरून ठेवली होती. त्या प्रिंटमधून तिची आई तिच्याकडे पाहत होती.

पंचफुलाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं.

"ही ऑर्डर कोणाची?" ज्योत्स्नाने विचारलं.

"धारणीची," ललित मान वर न करता म्हणाला. "परवा अशीच एक शेंदूरजनाघाटले गेली. मले वाटलं, जुळ्या बहिनी असतीन."

"आणि तुला विचारावं नाही वाटलं?"

"मॅडम, मी तेरवीचे फोटो छापतो. गेलेल्या मानसाकडे निरखून कोन पाह्यते? लिंक आली का छापतो. अन् लिंक तर तुमचीच हाय."

ते खरं होतं. लिंक तिचीच होती.

अकोल्याच्या जुन्या शहरात कुर्बानचाचांचा स्टुडिओ आहे. ज्योत्स्नाचं माहेर त्याच गल्लीतलं; तिची आई तिथल्या अंगणवाडीत सेविका होती. कुर्बानचाचांची खरी ओळख पासपोर्ट फोटोंची नाही, मेलेल्या माणसाचे डोळे उघडण्याची आहे. ज्याचा धड फोटो कधी निघालाच नाही, त्याचा शेवटचा फोटो नातेवाईक मोबाइलवर काढतात आणि चाचांकडे आणतात. चाचा नाकातला कापूस काढतात, मागे निळं आभाळ टाकतात, आणि मिटलेल्या पापण्यांच्या जागी उघडे डोळे बसवतात. जिवंत माणसासारखे.

पंचफुलाबाईंचाही फोटो त्यांनीच केला. बाईंचे फोटो पुष्कळ होते, पण कॅमेरा समोर आला की त्या नेमके डोळे मिटायच्या. लग्नातल्या ग्रुप फोटोतही सगळे हसतायत आणि बाई झोपल्यात. म्हणून पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी चाचांनी त्यांचे डोळे उघडले. लोक म्हणाले, हुबेहूब. ज्योत्स्नाला मात्र तो फोटो सहन झाला नाही. चेहरा आईचा होता, पण आई अशी पाहायची नाही. कार्यक्रम झाल्यावर तिने फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून अमरावतीच्या घरी कपाटात ठेवली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी ठोकलेला खिळा तसाच रिकामा राहिला.

पुढे चाचांसाठी ऑर्डरची वेबसाइट तिनेच लिहून दिली, सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये. आधी फोटो सर्व्हरच्याच डिस्कवर जात. पण कोडमध्ये दुरुस्ती करून सर्व्हर नव्याने चढवला की डिस्क कोरी व्हायची आणि सगळे फोटो जायचे. म्हणून नुकतीच तिने क्लाउडवर बकेट घेतली, म्हणजे फाइलींसाठी भाड्याचं कोठार. बकेट खासगी ठेवली. तिच्या चाव्या कोडमध्ये न लिहिता सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठेवल्या. ऑर्डर उघडली की सर्व्हर एक तात्पुरती लिंक देई आणि चाचांच्या कॉम्प्युटरवरून फोटो त्या लिंकने थेट कोठारात जाई. लिंक पाव तास चाले, नंतर बाद. सुरक्षिततेसाठी असंच करतात. कोठारातला फोटो छापायला मग ललितच्या लॅबला दुसरी लिंक जाई.

फोटो कोठारात नसेल तर पान मोडू नये म्हणून त्या जागी दुसरं चित्र दाखवायची सोय होती. चाचणीच्या वेळी तिथे टाकायला एखादा मोठा फोटो हवा होता. डेस्कटॉपवर आईची फाइल होती. तिने ती टाकली. नंतर काढायची राहून गेली.

लॅबमधून ती घरी आली आणि सर्व्हरच्या नोंदी उघडून बसली. पासपोर्ट फोटो सगळे नीट पोचले होते. लग्नाचे, शाळेच्या ओळखपत्रांचे, सगळे. पोचले नव्हते ते फक्त डोळे उघडलेले दोन. त्या दोन्ही ऑर्डरच्या जागी तिची आई उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला गेली. चाचा एका नव्या ऑर्डरवर बसले होते. तिने शेजारी खुर्ची घेतली आणि पाहत बसली.

चाचांनी आधी वेबसाइटवर ऑर्डर उघडली. नंबर आला तो पुटपुटले. मग पडद्यावरची ती खिडकी बाजूला सारून फोटो उघडला आणि कामाला लागले. मध्ये दुपारची, जोहरची अजान झाली तेव्हा नमाजाला गेले, परत आले, चहा घेतला. पापण्या एकेक करून काढल्या. सगळं मनासारखं झाल्यावर मघाची खिडकी पुढे ओढली आणि फोटो चढवला. पानाच्या तळाशी इंग्रजीत एक बारीक लाल ओळ उमटली. चाचांनी खिडकी मिटवली.

"चाचा, ते लाल काय आलं?"

"येतच असते. तुमच्या कॉम्प्युटरमंदी काई ना काई लाल येतच राह्यते."

"नंबर आधी काहून काढता? काम झाल्यावर काढायचा ना."

चाचांनी चष्मा काढला. "नंबर भेटला म्हनजे मय्यत माह्या जिम्म्यात आली, बेटी. त्याच्या आंदी मी हात लावत नाई. कोनाचे डोये उघडाचे म्हनजे काय खेळ हाय का?"

लिंक पाव तासाची होती, आणि चाचा एका माणसाला अर्धा दिवस देत होते.

"मग तुमच्या कॉम्प्युटरवर तरी असतील ना ते फोटो? शेंदूरजनाघाटच्या बाईंचा?"

"नाई. चढवला का मिटवतो. मय्यतले दुकानात रातभर ठेवत नसतो मी. तूच बोलली ना, तिकडे कायम राह्यते म्हनून?"

धारणीवाल्यांचा मूळ फोटो पेनड्राइव्हवर होता, त्यांचं काम पुन्हा होणार होतं. समोरच्या ऑर्डरचा फोटो तर अजून पडद्यावरच होता. पण शेंदूरजनाघाटच्या मैनाबाईंचा शेवटचा फोटो त्यांचा मुलगा पुंजाराम याने काढला होता, आणि काम संपलं की मोबाइलवरून पुसून टाका असं चाचाच सगळ्यांना सांगत. त्याने ऐकलं असेल, तर त्या बाईंचा चेहरा आता कुठेच नव्हता.

निघताना तिने विचारलं, "आईला डोळे कोणाचे बसवले होते?"

"तुले मालूम नाई?" चाचांना नवल वाटलं. "तुहेच. बाहेरचे डोये मी वापरत नाई. पोरायचे घेतो. घरचे असले म्हनजे चेहरा रागावत नाई."

बसमध्ये तिने मोबाइलवर आईचा फोटो उघडला. मूर्तिजापूर येईपर्यंत पाहत राहिली. मग बंद केला.

शेंदूरजनाघाटला पुंजारामचं घर संत्र्याच्या बगीच्याला लागून होतं. तिची आई ओसरीवर, दारासमोरच लावलेली होती. काचेवर हळदकुंकू होतं, गळ्यात हार होता, पुढे उदबत्ती जळत होती. पंचफुलाबाईंनी हयातीत कधी कुंकू लावलं नव्हतं.

ज्योत्स्नाने सगळं सरळ सांगितलं. पुंजारामने फ्रेमकडे पाहिलं.

"आमाले वाटलं, चाचानं डोये उघडले म्हनजे थोडं बदलतच असन," तो म्हणाला. "मामाच्या वक्तालेबी तसंच झालं होतं. मंग सवय होते."

"मी पयल्या दिवशीच बोलली," त्याची बायको भावना दारातून म्हणाली. "ह्या आमच्या सासूबाई नाईत. तर हे मलेच म्हनते, तुले तं जित्तेपनीबी त्यायचं तोंड पसंद नोयतं."

"मोबाइलमध्ये मूळ फोटो आहे का?" ज्योत्स्नाने विचारलं.

"नाई जी," पुंजाराम म्हणाला. "चाचानं सांगतलं तसा पुसला."

मग भावना आत गेली आणि आपला मोबाइल घेऊन आली.

"ह्यायनं पुसला. मी नाई. एक दिवस कोनी इचारलं तं दाखवता आला पायजे, म्हनून ठेवला."

फोटोत मैनाबाई मिटल्या डोळ्यांनी पडल्या होत्या. रुंद कपाळ, हनुवटीवर गोंदण. पंचफुलाबाईंशी काडीचंही साम्य नाही. ज्योत्स्नाने फोटो चाचांना पाठवला, मग पुंजारामला उजेडात उभं करून त्याच्या डोळ्यांचा फोटो काढला आणि तोही पाठवला.

ओसरीच्या टोकाला बाजेवर जानराव बसले होते, मैनाबाईंचे नवरे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ती निघाली तेव्हा त्यांनी हाताने जवळ बोलावलं आणि चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ आणला.

"ते फोटूतली बाई माही नोय," ते हळू म्हणाले. "मले मालूम हाय. माही बायको माह्याकडे असं कंदी पाह्यत नोयती. पर पोराले काय सांगाव?" मग म्हणाले, "तू तसंच पाहून राहिली."

आठवडाभरात नवी फ्रेम शेंदूरजनाघाटला गेली आणि जुनी परत आली. ज्योत्स्नाने कोड बदललं. आता तयार फोटो चढवायला घेतल्यावरच सर्व्हर लिंक देई, चाचांनी नंबर कितीही आधी काढला तरी. फोटो पोचला नाही तर लाल ओळ मराठीत आणि मोठ्या अक्षरांत येई, आणि ती जाईपर्यंत ऑर्डर लॅबकडे जात नसे. कोठारातून आईची फाइल तिने काढून टाकली. तिच्या जागी करडा चौकोन ठेवला, त्यावर 'फोटो मिळाला नाही' एवढंच. परत आलेल्या फ्रेमची काच ओल्या फडक्याने पुसली. कडेच्या खाचेतलं कुंकू निघालं नाही.

मग चाचांचा फोन आला.

"बेटी, तुही अम्मी अजून येऊन राहिली."

"कुठे?"

"माह्या कॉम्प्युटरवर. जुनी ऑर्डर उघडली का तीच."

"तुमच्या ब्राउझरने साठवून ठेवली असेल, चाचा. मी सांगते ती बटनं दाबा, जाते ती."

"मी नाई दाबत," चाचा म्हणाले. "घरच्याचं काम हाय ते. तू ये."

ती गेली. चाचांनी खुर्ची रिकामी करून दिली आणि स्वतः दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पडद्यावर निळं आभाळ होतं आणि आई होती. या खेपेला ज्योत्स्नाने नजर काढली नाही. मग बटनं दाबली. करडा चौकोन आला.

"गेली?" चाचांनी दारातूनच विचारलं.

"गेली."

त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि आत आले. बाकावर एक माणूस कधीचा मोबाइल मुठीत धरून बसला होता. चाचांनी त्याला जवळ बोलावलं, ऑर्डर उघडली आणि नंबर काढला.

ज्योत्स्ना संध्याकाळच्या बसने अमरावतीला परतली. कपाटातली वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम तिने बाहेर काढली, आणि त्या रिकाम्या खिळ्याला लावली.