मोठ्या संत्र्याची एक फोड

संत्रं सोललं की अजून पन्नास वर्षांपूर्वीचा जरीपटका वस्तीतल्या शाळेतला आमचा पहिलीचा वर्ग नाकाशी येतो.

बाईंनी दोन संत्री दाखवली. "कोणत्यात फोडी जास्त?" आम्ही सगळ्यांनी मोठ्याकडे बोट केलं. बाईंनी दोन्ही सोलून आमच्याकडून फोडी मोजून घेतल्या, तर मोठ्यात दहा आणि लहान्यात अकरा! मला शंका आलीच.

"बाई, एक फोड तुमीच खाल्ली!"

बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "पाहून घे वं, नीट," म्हणाल्या आणि त्यांनी मोठा आ केला.

मी जिभेखालीसुद्धा पाहिलं. तरी पटलं नाही. गिळली असेल.

तेव्हा मी चोरी पकडायला निघाले होते. आज वाटतं, संशय घेतल्यावर न चिडता आ करणारं मोठं माणूस मला पुन्हा भेटलंच नाही.