हवा चाखणारा

हरिपुरात कुणी म्हणलं की, "गुंडाबाची सून म्हंजे देवमाणूस, नवरा गेला तरी सासऱ्याला सोडून गेली न्हाई," की माझं डोकं फिरतंय. कुठला देव न् कसलं काय! मी का ऱ्हायले ते मला म्हायती हाय. आमच्या आबांना, म्हंजे सासऱ्यांना, बी म्हायती हुतं. ते गेले अठ्ठ्याहत्तरच्या पौषात. आता सांगायला हरकत न्हाई.

सांगलीच्या हळदीची पेवं आमच्या गावच्या जमिनीत. पेव म्हंजे जमिनीच्या पोटात खणलेला भला मोठा रांजण. वर तोंड एवढंसं, माणूस जेमतेम आत जाईल, आन् खाली दोन-तीन पुरुष खोल पोट. त्यात हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं, भाव आला की उघडायचं. पर बंद पेवात हवा मरती. म्हणून तोंड उघडून ते तसंच ठेवायचं, मंग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील इझला तर उतरायचं न्हाई, हे शेंबडं पोर बी सांगंल. पर कंदील जिथं टांगलाय तिथलंच सांगतो. कडंच्या कोपऱ्यात हवा मेलेली असली तर त्येला काय कळतंय? त्यासाठी आमचे आबा हुते.

काखंखाली दोर बांधून ते डोकं बुडंस्तोवर पेवात उतरायचे, डोळं मिटायचे आन् सावकाश एक श्वास घ्यायचे. त्येला ते 'चाखणं' म्हणायचे; तळाच्या कडंची मेलेली हवा बी त्येंना तेवढ्यावर कळायची. वर येऊन "उतरा" म्हणले की माणसं उतरायची. "अजून न्हाई" म्हणले की शेठजी जरी आला तरी पेवाला हात लावायचा न्हाई. तीस वर्सं असं चाललं. एका माणसाला बी दगाफटका झाला न्हाई.

पर त्याच तीस वर्सांत हळदीची धूळ आन् बिडीचा धूर त्येंच्या छातीत साठत गेला. बहात्तरच्या दुष्काळाआधीच धाप लागाय लागली. आदी चढाला, मंग सपाटीला, मंग धोतराचा सोगा खोचताना सुदीक. संगमाच्या घाटापतोर जायला पाच मिंटं लागायची, तिथं अर्धा तास लागाय लागला. थांबलं तर लोक म्हणतील म्हातारा संपला, म्हणून आबा मधी कुणाच्या म्हशीची पाठ खाजव, कुणाच्या कुंपणाची काटी नीट कर, असलं ढोंग करायचे. मी मागनं घागर घेऊन येत असायची. मला दिसायचं की म्हशीच्या पाठीवर हात नुसता ठेवलाय आन् खांदे वरखाली हलत्यात.

भाकरी चावता चावता दम जायचा, म्हणून मी आमटीत कुस्करून द्यायची. आंघोळीला दगडावर बसवून पाणी घालायची. आडवं हुता येत न्हवतं, पुढ्यात उशी घेऊन बसूनच डोळा लागायचा. चुलीचा धूर सोसंना म्हणून मी चूल अंगणात नेली, पावसात भिजत भाकरी थापल्या. हसणं तर बंदच. हसलं की खोकला, खोकला आला की डोळे पांढरे. माझे मालक लय नकल्या माणूस. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, म्हणून मालक म्हणते. गावातल्या एकाएकाची चाल करून दाखवायचे. बापाला हसू येऊ नये म्हणून त्यांनी घरात नकला करायच्या सोडल्या.

सांगलीच्या डाक्टरनं छातीचा फोटू काढला. म्हणला, "हा नुसता दमा नव्हे. फुफ्फुसं झिजलीत, ती काय परत यायची न्हाईत. गोळ्या घ्या, बिडी टाका, धुळीत जाऊ नका."

"पेवावर... बसू का?" आबांनी इचारलं.

"अजिबात न्हाई."

घरी येऊन आबा म्हणले, "डाक्टरला... पेव... म्हायत न्हाई." आन् दुसऱ्या दिशी कंदील घेऊन गेले. बिडी मातूर त्या दिसापासनं सोडली. त्येंच्याजवळ उरलंच हुतं काय? शेत न्हाई, अंगात बळ न्हाई, आवाज न्हाई. तो एक कंदील, आन् त्येंचा एक शब्द.

पुढं त्या शब्दाचंच वांदं झालं. ज्या माणसाला अंगणात बसून हवा पुरंना, त्येला पेवात कशी पुरंल? प्रत्येक पेवात उतरायचे, वर यायचे, हाताची बोटं हलवायचे. अजून न्हाई. दिवस दिवस माणसं बसून ऱ्हायची. शेवटी कुणीतरी उतरायचं आन् हवा चांगली निघायची. असं एकदा न्हाई, चारदा झालं. पोरं म्हणाय लागली, "गुंडाबाच्या छातीला कुलूप, म्हणून पेवाला बी कुलूप!" मुकादम नानासोनं तर तोंडावर सांगितलं, "गुंडाबा, आणखी एकदा असं झालं तर तुमच्या जागी आकाराम बसंल." आकाराम म्हंजे आबांनीच शिकवलेला गडी. त्या राती आबा जेवले न्हाईत.

आता माझं सांगते.

मी कुंडलची. कुंडलच्या पोरी तिखट, असं मालक चिडवायचे. जिभेला हाड नसतं म्हणत्यात, माझ्या जिभेला लगाम बी न्हवता. मालक गेले त्याच्या आदल्या राती आबांचा खोकला रातभर चाललेला, माझा डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी तवा तापलेला, भाकरी करपली, आन् आबा दारात बसून मालकांना सांगत हुते, "आजचं पेव... मोठं हाय. लय दिस... बंद. मी सांगंपतोर... उतरू नगंस." शब्दाशब्दाला दम. मला कुठनं दुर्बुद्धी सुचली! भाकरी आपटत मी म्हणले, "तुमाला घरात बी हवा पुरत न्हाई आबा, म्हणून काय जगाला पुरत न्हाई व्हय? चार माणसांत हसं करून घेताय, सोबत लेकाचं बी!"

तवर मालक मागं परसात गाडीचे बैल सोडाय गेले हुते, त्यांनी ऐकलं न्हाई. आबांनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हवं बघा. चूक झालेल्या पोरानं बघावं तसं. मंग कंदील उचलला आन् गेले.

दुपारी मी भाकरी घेऊन पेवावर गेले. कंदील आत जळत हुता. आबांना दोर बांधून खाली सोडलं हुतं. नेहमी एक श्वास घेणारा माणूस, त्या दिशी दोन घेतले, तीन घेतले. वर आले ते घामानं डबडबलेले. नानासो कमरंवर हात ठेवून हुबा. आकाराम खाली मान घालून. आबांनी त्यांच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी तोंड फिरवलं. का फिरवलं? सकाळचा राग अजून उतरला न्हवता, येवढंच.

"उतरा," आबा म्हणले.

मालक उतरले. खालनं दोन पाट्या हळद वर आली. कमरंचा दोर कामात आडवा येतो म्हणून सगळेच सोडून टाकायचे, त्यांनी बी सोडला. मंग आतनं हाक आली, "आबा..." आन् पुढं काय न्हाई. कंदील मधी लोंबत जळतच हुता.

मी पेवाच्या तोंडावर पालथी पडले आन् वरडले, "सिद्धू! सिद्धूऽऽ!" लग्नाला सात वर्सं झाली हुती. पहिल्यांदा नाव घेतलं ते त्या भोकात. खालनं माझाच आवाज परत आला.

आबांनी पेवात पाय टाकला हुता. ज्या माणसाला धोतर खोचवत न्हवतं, त्येला चार गड्यांनी आवळून धरलं तरी आवरंना. आकाराम तोंडाला वलं फडकं बांधून दोनदा उतरला, दुसऱ्या वक्ताला मालकांना वर घेऊन आला. अंग गरम हुतं, पर श्वास न्हवता. मालकांची छाती कशी भरलेली, कुस्ती खेळलेली. सगळं अंग हळदीनं पिवळं, लग्नातल्यागत. मला हळद त्या दिसापासनं बघवत न्हाई.

माझे भाऊ कुंडलहून गाडी घेऊन आले. "चल बनू, इथं आता तुजं कोण हाय?" मी गेले न्हाई. लोकांनी तोंडभरून नाव घेतलं. पर खरं सांगू? मी वाट बघत हुते. आज ना उद्या म्हातारा माझ्या अंगावर ते वाक्य फेकणार, गावाला सांगणार, ह्या बाईनं माझ्या तोंडातनं 'उतरा' काढलं. ते ऐकल्याबिगर मला जायची चोरी.

आबांनी चार वर्सं काढली. पेवाकडं कवा फिरकले न्हाईत. नानासो एकदा आला, म्हणला, "गुंडाबा, मीच तुमाला घाई लावली, तुमची छातीच खरं सांगत हुती, या परत." आबांनी बसल्या जागी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्येंच्या छातीची घरघर दिसभर घरात. कदी कदी मला त्या आवाजाचा असा संताप यायचा! भरल्या छातीचा गेला आन् हा फुटका भाता चालूच, असं मनात यायचं. आन् तेच हात त्येंच्या पाठीला तेल लावायचे, गोळी द्यायचे, भाकरी कुस्करायचे. ते माझ्यावर कदी रागावले न्हाईत. रागवायला दम लागतो, असं मी मनाला सांगायची.

त्या पौषात थंडी लय पडली. सकाळचं ऊन दारात आलं हुतं. मी त्येंना उन्हात बसवून पाठ चोळत हुते, मणका न् मणका हाताला लागत हुता. त्येंचं तोंड दिसत न्हवतं म्हणून मला बोलायचं धाडस झालं. मी म्हणले, "आबा, त्या दिशी सकाळी मी तसं बोलले नसते, तर तुमी 'उतरा' म्हणला नसता. व्हय ना?"

मला वाटलं ऐकलंच न्हाई. मंग बघितलं तर ते श्वास गोळा करत हुते, ओंजळीत पाणी जमवावं तसं.

"कवा..." मंग थांबले.

"काय... बोललीस?" परत थांबले. खांदे वर गेले, खाली आले.

"मला तर... काय... ऐकाय... आलं न्हाई."

घरात बसून अंगणातल्या चुलीवरच्या पातेल्याला पळीचा खरखर आवाज आला, की आमटी तळाला गेली हे ह्या माणसाला कळायचं. "मला नगं... तू घे," म्हणायचे. असले त्येंचे कान. येवढंसं बोलायला त्येंना सात श्वास लागले, आन् शेवटाला ओठ निळे पडले हुते.

मी म्हणले, "बरं, आबा." आन् डोळं पुसून पाठीला तेल चोळत ऱ्हायले.