कचरू कोतवालाची पाखरमोजणी

देऊळघाटात कचरू कोतवालाएवढा संशयी माणूस दुसरा नाही. दारात नवं मांजर आलं तरी ते कोणी पाठवलं, हे तो आधी विचारील. कोतवालकी सुटून चार वर्षं झाली, पण अंगातला कोतवाल काही निघत नाही. बाहेरून कोणी काही मोजायला आलं की पुढे गावाच्या मानेवर काहीतरी बसतंच, असा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. विहिरी मोजा, झाडं मोजा, गुरं मोजा. म्हणून साहेबाने विचारलं की कचरू अर्धाच आकडा सांगायचा आणि खरा डोक्यात ठेवायचा. साऱ्या गावाला हे ठाऊक. साहेबाला तेवढं नव्हतं.

एका साली गुलाबी अळीने बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरून टाकली. पुढच्या हंगामात एका संगणक कंपनीचे तीन इंजिनिअर गावात उतरले. शेतात मादीच्या वासाने नर ओढणारे कामगंध सापळे टांगायचे, रात्री त्यात अडकलेली अळीची पाखरं सकाळी मोजायची आणि आकडा मोबाइलात भरायचा. सलग तीन दिवस आठाच्या वर भरली की मोबाइल लाल होऊन साऱ्यांना इशारा जाणार. नाही तर हिरवा. मोजणीला माणूस हवा होता. सकाळी रिकामा कचरूच.

"जयभीम मामा. मी मंजुश्री, मेहकरची."

"मेहकरले कोणती गल्ली? बापाचं नाव काय?"

त्या तिघांतल्या या पोरीने दोन्ही सांगितलं. कचरूचं समाधान झालं नाही. "हे फुकट काऊन करून राह्यले तुमी?"

"कंपनी पगारी सुटी देते मामा. आमचं शिक्षण गावाच्या कामी यावं म्हणून."

"कंपनी काऊन देते?"

"चांगलं काम आहे म्हणून."

झालं! 'चांगलं काम' ऐकल्याबरोबर कचरूच्या भुवया टोपीत शिरल्या. घरी येऊन तो बायकोला, सिंधूताईला म्हणाला, "पाखरं जास्त निघाली की हे दवा विकायले काढतीन, पाह्यजो तू."

पहिल्या दिवशी अकरा पाखरं निघाली. त्याने पाच सांगितली. दुसऱ्या दिवशी तेरा, सहा सांगितली. तिसऱ्या दिवशी दहा, सांगितली पाच. मोबाइल हिरवागार. गावाला आकडा दिसत नव्हता, नुसता रंग दिसत होता, गाव निवांत.

चौथ्या दिवशी सिंधूताई शेतातून पदरात फुलं घेऊन आली. पाकळ्या उमलल्याच नव्हत्या, गुंडाळून बसलेल्या. डोमकळ्या! एक उकलली तर आत अळी.

"अवो, तुमचा मोबाइल तं हिरवा हाय म्हनता?"

"मी सांगतो तेच बोलते तो."

"मंग तुमी काय सांगता?"

कचरूने जोडे पायात सरकवले.

"अर्धं? अवो, दोन एकर कपाशी आपली हाय. साहेबाची नाही!"

कचरू तडक समाजमंदिरात गेला. मंजुश्री तिथे उतरली होती. "पोरी, इशाऱ्यात अमकी दवा घ्या असं येते काय?"

"नाही मामा. डोमकळ्या तोडा आणि जाळा, एवढंच."

"लिहून दे."

तिने लिहून दिलं. त्याने सहीसुद्धा घेतली, कागद उजेडात धरून पाहिला आणि खिशात घातला. "आता भर. अकरा, तेरा, दहा."

"मग ते पाच, सहा, पाच?"

"ते साहेबाचे होते."

पोरगी कपाळाला हात लावून बसली, पण आकडे भरले. मोबाइल लालभडक झाला. अर्ध्या गावाकडे तसला मोबाइलच नव्हता, म्हणून कचरू स्वतः गल्लोगल्ली ओरडत निघाला, "ऐका हो! सापळ्यात अकरा, तेरा, दहा! डोमकळ्या तोडा!"

पारावर शेषराव तंबाखू मळत होता. "कचरूचा आकडा हाय बे. दुप्पट धरा."

"अरे, या बारीले खरा हाय!" कचरू कळवळून म्हणाला.

"खरा म्हनते?" शेजारचा निजाम उठून उभाच राहिला. "मंग तं तिप्पट धरा रे भाऊ!"

सकाळी गाव जे शेतात लोटलं ते पोराबाळांसकट. कचरूच्या दोन एकरांत सिंधूताई पुढे, कचरू मागे. मंजुश्रीही टोपली घेऊन बाजूच्या ओळीत उतरली. कचरू कळ्या खुडत होता, पण निम्मं लक्ष तिच्या टोपलीत. या कळ्या ती जाळते, की कंपनीला नेऊन दाखवते?