एक रिंग

आमच्या घरात फोन उचलण्यासाठी नसायचा, वाजण्यासाठी असायचा. फोनला पैसे पडायचे त्या काळात ताईनं आणि मी एक पद्धत ठरवली. दिवेलागणीला तिनं नाचणगावहून एक रिंग द्यायची आणि कापायची. मग मी इकडून एक रिंग द्यायची आणि कापायची. तिची रिंग म्हणजे मी बरी आहे, माझी म्हणजे मीही. पुढे बोलणं फुकट झालं, पण आमची सवय गेली नाही. उचललाच फोन, तर दोघांपैकी कोणीतरी गेलं असं समजायचं, इतकी ती पक्की होती.

बायको गेल्यानंतर त्या एका रिंगवर माझा दिवस टेकलेला असायचा. नालवाडीत रोपं आणि भाजीच्या बियाण्यांचं दुकान आहे, मागं घर, आणि दोन्हींचा फोन नंबर एकच. दिवसभर माणसं येतात, पण ती मिरचीच्या रोपासाठी येतात, माझ्यासाठी नाही. संध्याकाळी शटर ओढलं की माझ्यासाठी वाजणारी अशी ती एकच गोष्ट होती.

मागच्या वर्षी पुण्याहून मुलगा आला आणि दुकानाचा नंबर त्यानं इंटरनेटवर चढवला. नंबर जुनाच राहिला, टेबलावरचं यंत्र मात्र गेलं. आता फोन एक बाई उचलते, म्हणजे तिचा आवाज. रोपांसाठी एक दाबा, बियाण्यांसाठी दोन, फवारणीच्या सल्ल्यासाठी तीन, मालकाशी बोलायचे असल्यास चार. एक दाबलं की नर्सरीतल्या माणसाच्या मोबाइलवर जातो, दोन आणि तीन काउंटरवरच्या पोरीकडे, आणि चार माझ्या मोबाइलवर. मुलगा अजून पुष्कळ काही सांगत होता. कोणता कॉल कुठं जातो, कोणी उचललं नाही तर काय होतं. मी अर्ध्यातच ऐकणं सोडलं. त्याच्या आईनं सांगितलेलंही मी असंच ऐकायचो.

पहिल्या आठवड्यात सिंदीचं एक जुनं गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलं. "भाऊ, या वयात बाई ठेवली म्हनते?" त्यानं विचारलं. "गोड बोलते, पण आपलं काही आयकत नाई. मी मनलं वांग्याचं रोप पाह्यजे, तं मनते एक दाबा." सगळे हसले, मीही हसलो. गंमत सोडा, पण व्यवस्था चांगली चालली. एकही गिऱ्हाईक अडलं नाही. चारपर्यंत थांबायची कोणाला गरजच पडत नव्हती. माझा मोबाइल खिशात मुका पडून राहायचा, आणि ज्या दुकानात माझ्यावाचून पान हलत नव्हतं तिथं मी खुर्चीवर बसून रस्ता बघायला लागलो.

आणि त्याच सुमारास ताईची रिंग बंद झाली.

पहिल्या संध्याकाळी वाटलं, विसरली असेल. मग वाटलं, तब्येत. पण भाच्याच्या स्टेटसवर ती दिसली, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, चांगली ठणठणीत. म्हणजे रुसलीच. त्या वर्षी महालक्ष्मीच्या जेवणाला मी तिच्याकडे गेलो नव्हतो. जोडीनं जेवायच्या पंगतीत एकट्यानं बसणं नको वाटलं, म्हणून काहीतरी कारण सांगितलं होतं. खाई त्याला खवखवे. तिला ते कारण खोटं वाटलं असणार, हे मी धरूनच चाललो.

आपणच फोन करावा, इतकं साधं होतं. पण आधी रिंग तिची, मग माझी, हा क्रम होता. खरं सांगायचं तर क्रमाचं नुसतं निमित्त होतं, मला भीती वाटत होती. मी रिंग दिली आणि तिची परत आली नाही, तर मग शंकेला जागाच उरणार नव्हती. मन चिंती ते वैरी न चिंती. रोज दिवेलागणीला मोबाइल समोर ठेवून मी जेवायचो. जेवण गार व्हायचं. या जगात मला विचारणारं आता कोणी नाही, असं त्या दिवसांत मला स्पष्ट वाटलं होतं आणि त्यात मी काही वाढवून सांगत नाही.

शेवटी एका दुपारी काउंटरवरच्या पोरीला दुकान सांभाळायला सांगितलं आणि पुलगावची एसटी धरली. पुलगावहून ऑटोनं नाचणगाव. ताई अंगणात बाजेवर बसली होती. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"काऊन आला रे असा अचानक? सारं ठीक हाये न?"

"तूच सांग," मी म्हणालो. "महालक्ष्मीले नाई आलो म्हणून रुसली काय?"

"रुसू कायले? रोज तं रिंग देतो तुले. तुही बी येते वापस."

"माही?"

तिला वाटलं मी थट्टा करतोय. चहा ठेवायला म्हणून ती आत गेली, कप माझ्या हातात दिला, आणि दिवे लागायची वेळ झाली तसा तिनं आपला बटणांचा फोन उचलला. दुकानाचा नंबर तिला तोंडपाठ. एक रिंग दिली, कापली. माझा मोबाइल बाजेवर गप्प पडला होता. आणि मग तिच्या हातातला फोन एकदा वाजून थांबला.

"पाह्य, आली तुही," ती हसून म्हणाली. मग तिनं माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

मी तिथूनच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, कोणी अर्ध्यात कापलं तर सिस्टिम स्वतःच परत मिस्ड कॉल देते. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून. सांगितलं होतं तुम्हाला." आणि तिची रिंग माझ्यापर्यंत का येत नव्हती? कारण तिनं चार दाबलं नव्हतं.

मी ताईला जमेल तसं समजावलं. ती पदरानं फोन पुसत राहिली.

"म्हंजे तू मेला असता," ती म्हणाली, "तरी हे रोज वाजलं असतं. अन् मी भाऊ बरा हाये म्हणून जेवून झोपली असती."

मी हो म्हणालो. त्या दिवशी तिनं मला परत जाऊ दिलं नाही.