चौसाळ्याच्या बैठकीतला वास

मी गुडघे टेकून देशमुखांच्या बैठकीतली फरशी हुंगत होतो आणि देशमुख माझ्या डोक्यावर उभे होते. "किसन, लागला का पत्ता?" त्यांनी विचारलं. पत्ता कसला लागायचाय? वास दारातच सामोरा आला होता. बोक्याच्या मुताचा वास. एकदा ज्याच्या नाकात गेला, तो जन्मभर विसरत नाही.

मी बीडच्या कचेरीत फर्राश होतो. फर्राश म्हणजे बिछायतीचा माणूस. सतरंज्या, गाद्या, लोड, सगळं त्याच्या ताब्यात. तेव्हा निजामाचं राज्य होतं. तालुकदारसाहेब, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, दौऱ्यावर निघाले की आम्ही पुढे जाऊन त्यांची बैठक तयार करायची. या खेपेला साहेब चौसाळ्याला देशमुखांकडे उतरणार होते.

बोका देशमुखांच्या थोरल्या बहिणीचा. त्यांना सगळे आक्का म्हणत. नवरा लवकर गेला, त्या माहेरी आल्या आणि तिथंच राहिल्या. घर भावाचं, गुरं भावाची, भांडीकुंडी भावजयीची. आक्कांचा स्वतःचा म्हणावा असा तो एक बोका. तांबूस, गलेलठ्ठ, एक कान फाटलेला. त्याचं नाव राजा, आणि वागणंही तसंच.

"सायब यायच्या आत वास गेला तर ठीक," देशमुख म्हणाले. "न्हाई तर ह्याला गोणीत घालून मांजरसुंब्याच्या घाटात सोडून देतो. मांजर मारल्याचं पाप आपल्याला नको."

आक्का आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांचा पदर तोंडाशी गेला. मला फार वाईट वाटलं. घाटात सोडलेलं पाळीव जनावर किती दिवस जगणार?

कामाला लागलो. आधी डागाची हद्द शोधायची. त्यासाठी फरशीवर ऊन पाणी शिंपडायचं. वाळलेला वास ओला झाला की जागा होतो आणि नेमका कुठून येतो ते कळतं. खिडकीखालच्या कोपऱ्यात, गादीच्या कडेला डाग बसला होता. गादी उसवली, खराब कापूस फेकला, उरलेला उन्हात घातला, खोळ रिठ्याच्या पाण्यात धुतली. फरशी शहाबादी होती. दगड लवकर धुतला जातो, पण सांध्यातला चुना वास पिऊन बसतो. म्हणून सांधे खरवडून काढले, चिंचेचं पाणी फिरवलं, लगेच धुतलं, कारण आंबटानं दगडाची चमक जाते. वर चाळलेली राख पसरली. देशमुखीणबाईंनी लोबान जाळायला सांगितला. मी नको म्हणालो. लोबानानं वास मरत नाही, नुसता नटून बसतो.

संध्याकाळी फरशी कोरी करकरीत झाली. माझ्या नाकाचा मला भारी गर्व, आणि माझ्या नाकाला काही लागलं नाही. मी निवांत झोपलो. सकाळी येऊन बघतो तर त्याच कोपऱ्यात पुन्हा ओलं आणि पुन्हा तोच वास.

राग आला, पण त्याहून जास्त नवल वाटलं. एवढं मोठं घर, अंगण, गोठा, उकिरडा. या बोक्याला हाच कोपरा का लागतो? घरातल्या प्रत्येकाला विचारलं, इथं कुणी काही सांडलं का, टाकलं का. सगळ्यांनी न्हाई म्हटलं. मी पुन्हा सगळं धुतलं आणि दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच ओसरीच्या खांबाशी जाऊन बसलो.

आधी आक्का आल्या. अंघोळ झालेली, हातात तांब्या. त्यांनी तुळशीच्या डहाळीनं त्या कोपऱ्यात तीन-चारदा शिंपडलं, हात जोडले आणि गेल्या. मागोमाग राजा आला. सरळ तिथंच गेला, हुंगलं, ओठ वर करून नाक आक्रसलं, पाठ फिरवली, शेपूट ताठ केली आणि आपलं काम उरकलं.

मी आक्कांना गाठलं. तांब्यात काय होतं?

"गोमूत्र," त्या म्हणाल्या. "गोठ्यातून आदल्या दिशीच आनून ठेवते. राजानं घान केली तवापासून रोज शिंपडते. जागा शुद्ध ऱ्हायली तर दादा त्याला हाकलनार न्हाई."

मी विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलं? त्यांना माझा प्रश्नच नवलाचा वाटला. गोमूत्र म्हणजे काही सांडणं, टाकणं थोडंच? आणि खरं सांगायचं तर मलाही ते विचारायचं सुचलं नव्हतं. माझ्या घरीही रोज शिंपडत.

शंका खरी की खोटी ते बघायला हवं होतं. मी कोपरा धुऊन काढला आणि आक्कांना म्हणालो, उद्या गोमूत्र अंगणातल्या जात्याच्या फुटक्या दगडावर शिंपडा. त्यांनी तसंच केलं. देशमुखही बघायला आले. राजा बैठकीत डोकावला, कोपरा हुंगला, काही सापडलं नाही. मग अंगणात उतरला, दगड हुंगला आणि त्यावर धार सोडली. कुणाचं तरी मूत दिसलं की त्यावर आपली मोहर उठवायची, एवढंच त्याला कळत होतं. मग ते गाईचं का असेना.

देशमुख हसू लागले, मग एकदम गंभीर झाले. रोजचं शिंपण बैठकीतून बंद करायचं? लोक काय म्हणतील? ते बहिणीकडे बघू लागले.

आक्का राजाला उचलून घेत म्हणाल्या, "देव समजून घेईल दादा. ह्याला कोन समजून घेनार?"

देशमुखांनी राजासाठी काढून ठेवलेली गोणी परत गोठ्यात टाकायला सांगितली.

साहेब आले, त्याच कोपऱ्यात लोडाला टेकून बसले, चहा प्याले, निघून गेले. बैठकीबद्दल चकार शब्द काढला नाही. आमच्या धंद्यात याला शाबासकी म्हणतात. पुढे दौऱ्यात कुठंही डाग निघाला की काय सांडलं, हे मी विचारत नसे. इथं रोज चांगलं म्हणून काय शिंपडता, हे आधी विचारायचो.