ईदला लागणारा निकाल

थांबा, हे आत्ताच सांगून टाकतो. एसटीतून नुकताच उतरलोय, पायसुद्धा धुतले नाहीत. पण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला समोरच्या सायकलच्या दुकानात जाता येणार नाही.

तुम्ही आमच्या महाराजाला पाहिलंच असेल. बुलढाण्यात राहता आणि पाहिलं नाही असं होणार नाही. उंच, किडमिडीत, धोतरावर शर्ट. भटजींचा मुलगा म्हणून अख्ख्या कॉलेजनं त्याला महाराज करून टाकलं होतं. मी त्याच्याच खोलीत राहायचो. त्याची ती सवय आठवते का? प्रसादासाठी धरतात तसे दोन्ही तळहात समोर धरायचे, मान थोडी वाकडी करायची आणि विचारायचं, "सांगा, पास का नापास?"

कशात पास? तर धर्मात. त्याला जगातले सगळे धर्म शिकायचे होते. आमच्या सरांनी बनारसला त्याची एम. ए.ची जागा पक्की केली होती. तिथून शिकून परत इकडंच यायचं आणि आपल्या वऱ्हाडीत एक पुस्तक लिहायचं, असं त्यानं ठरवलेलं. त्याचा नियम एकच. ज्याचा धर्म, पेपर त्यानंच तपासायचा. त्या धर्माच्या माणसासमोर बसून त्याचाच धर्म त्याला सांगायचा. "हाव, हे आमचंच आहे," असं तो म्हणाला की पास. नाहीतर ते प्रकरण पुन्हा.

नापास तर सारखाच व्हायचा. बाजारातल्या जैन कापडवाल्या शेटजींना त्यानं अहिंसा समजावून सांगितली. शेटजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळं झकास. पण तू कांदा खाऊन आला. तोंड धू, मंग सांग." दीक्षा घेतलेला एक गवंडी होता, त्याच्या वस्तीत जाऊन यानं बुद्ध सांगितला. गवंडी म्हणाला, "बोलून तं बरोबर राह्यला बाप्पा, पण उभ्या-उभ्या बोलून राह्यला. बस तं खरं." महाराज खाली बसला. त्यांच्या घरचं पाणी प्याला. मग पास झाला. त्या दिवशी खोलीवर येऊन तो असा नाचला की खालून घरमालकानं काठी आपटली.

त्याचे वडील एकदा खोलीवर आले होते. अमडापूरच्या बाजूच्या एका लहान गावात भिक्षुकी करायचे. मुलानं त्यांचाही पेपर दिला, उपनिषदापासून सुरुवात करून. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "नापास. आत्मा सांगितलास, ब्रह्म सांगितलंस. उद्या कोणाकडे वास्तुशांत निघाली तर नारळ किती लागतात ते नाही सांगितलंस." आम्ही तिघंही पोट धरून हसलो. गुरुजींच्या हातात तेव्हाही कंप होता. चहाची बशी वाजायची.

आता ती सायकलची गोष्ट. आमच्या खोलीसमोर दुकान आहे ना, तासावर सायकली देतात ते, त्या दुकानवाल्याची म्हातारी आई. सगळे तिला अम्मा म्हणतात. महाराजानं तिला रोजा काय असतो ते सांगायला सुरुवात केली आणि तिनं त्याला मध्येच तोडलं. "बोलता क्या है, रख के देख. पूरा महिना रख. नतीजा ईद को लगता."

झालं. गड्यानं रोजे धरले. पहाटे उठायचा, दिवसभर कोरडा, आणि वर बी. ए.च्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यास. मी चिडवायचो, "महाराज, परमेश्वर पावला नाही तं वजन तं उतरते." तो हसायचासुद्धा नाही, ओठ सुकलेले असायचे. संध्याकाळी दुकानातल्या पोत्यावर बसून, डोक्याला रुमाल बांधून, अम्माच्या हातचा खजूर घ्यायचा. तिथंच त्याच्या गावच्या एकानं त्याला पाहिलं. तो कोर्टाच्या तारखेला आलेला, सायकल भाड्यानं घ्यायला दुकानात शिरला होता. नमस्कार केला आणि गावात जाऊन सांगितलं.

गावात कोणी भांडलं नाही बरं का. फक्त गुरुजींना बोलावणं बंद झालं. सत्यनारायण आला तर शेजारच्या गावचा भटजी. साखरपुडा आला तर तोच. मग चार मोठी माणसं गुरुजींकडे गेली आणि म्हणाली, मुलानं देवळात सगळ्यांसमोर प्रायश्चित्त घ्यावं, म्हणजे आमच्याही मनात काही राहणार नाही. गुरुजी खोलीवर आले, माझ्या ट्रंकेवर बसले आणि गावाचं म्हणणं सांगितलं. पाणी दिलं ते तसंच खाली ठेवलं. महाराज म्हणाला, "बाबा, मी घेतो. पण त्या घरी खाल्लं ते पाप, हे माझ्या तोंडून निघणार नाही." गुरुजी एवढंच म्हणाले, "तू चल."

ईद अजून व्हायची होती.

मीही सोबत गेलो. देऊळ भरलेलं. महाराजाचं डोकं भादरलेलं, ओळखू येईना. गुरुजी स्वतःच विधी सांगायला बसले होते. आधी संकल्प असतो, काय चुकलं ते संस्कृतात म्हणायचं. ते सांगत गेले, हा मागून म्हणत गेला. एका जागी तो अडखळला, वडिलांकडे पाहिलं आणि मग म्हणाला. मला वाटलं, जीभ जड झाली असेल. पंचगव्य घ्यायला त्यानं तेच तळहात समोर धरले. सगळं गाव समाधानानं घरी गेलं.

तो शहरात आला तो फक्त परीक्षेपुरता. दुसऱ्या मित्राकडे उतरला, आमच्या गल्लीत फिरकला नाही.

आणि आज सकाळी निकाल लागला! महाराज युनिव्हर्सिटीत पहिला, तत्त्वज्ञानात! मी पेपर घेऊन धावत एसटी पकडली. गावात पोचलो तर लग्न चालू होतं, आणि आंतरपाटाजवळ मंगलाष्टकं म्हणत कोण उभा, तर महाराज. मी मांडवातूनच पेपर हलवला. त्यानं पाहिलं. अक्षता पडेपर्यंत त्याचा सूर जरासुद्धा हलला नाही.

नंतर मांडवामागं गाठलं. म्हटलं, "पहिला आला बे! बनारसले कधी निघतो?"

"नाही जाऊन राह्यलो."

"काऊन?"

मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी संकल्पात 'परधर्मीयांच्या घरचं अन्न खाल्लं' हे म्हणायचं होतं. गुरुजींनी ते म्हटलंच नाही. त्या जागी 'आईबापाचं मन दुखवलं' एवढंच सांगितलं. संस्कृत कळणारे तिथं दोघंच, गुरुजी आणि महाराज. गावानं पंचगव्य पाहिलं आणि माफ केलं. पण गुरुजींनी त्या दिवसापासून पळी हातात धरली नाही. जन्मभर लोकांचे संकल्प सांगितले आणि देवासमोर एक मुद्दाम खोटा सांगितला, आता माझ्या तोंडचा मंत्र कोणाला लागणार नाही, असं गुरुजी म्हणतात. गावाला वाटतं, हात थरथरतात म्हणून थांबले. त्यांची कामं आता महाराजच करतो.

"देवळातून घरी येता येता बाबांनी मले थांबवलं," महाराज म्हणाला. "दोन्ही हात असे समोर धरले. म्हणाले, 'सांग रे, पास का नापास?'"

"मग तू काय म्हटलं?"

"काही बोलता नाही आलं. अजून नाही आलं."

एवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली, "भटजी, सप्तपदी!" तो गेला. पेपर माझ्याच हातात राहिला.

आता मी इथं कोपऱ्यावर उभा आहे. अम्मा दुकानाच्या पायरीवर बसलीय. सकाळी निघताना तिनं मला अडवलं होतं. "पास हुआ ना? अच्छा हुआ. उसको बोल, मेरावाला नतीजा बाकी है. ईद होके गई, आया नहीं." तिला प्रायश्चित्ताचं काहीच माहीत नाही. ती आता मान वर करून विचारणार. खरं सांगितलं तर तिच्या खजुरासाठी पोराचं डोकं भादरलं हे कळणार. नाही सांगितलं तर तो तिला विसरला असं वाटणार.

तिनं पाहिलं. हात हलवतेय.

तुम्हाला कधी असं दुसऱ्याचं उत्तर घेऊन कोणासमोर जावं लागलंय का? तुम्ही काय सांगितलंत?