हँडलाएवढी जागा

सावंगीच्या रस्त्यावर आमच्या मिस्त्रींचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. काम झालं की ते स्वतः ट्रायल मारायचे, जाममध्ये थांबलेल्या गाड्यांच्या मधून सुळकन जाऊन यायचे आणि मला म्हणायचे, "हँडल निघालं का मानूस निघते, सर!" कमी जागेतून निघता यावं म्हणून कॉलेजच्या पोरांना गाडीचे आरसेही काढून द्यायचे. तक्रार एकच, रोजची: "आमचं पोट्टं माह्यं एक आयकत नाई."

मागच्या हंगामात जिनिंगकडे चाललेल्या कापसाच्या दोन ट्रकांच्या मधून त्यांच्या मुलानं गाडी घातली. खाली हँडलाएवढी जागा होती. वर मात्र दोन्हीकडचा कापूस फुगून बाहेर आला होता. हँडल निघालं, मुलगा निघाला नाही.

आता मिस्त्री ट्रायल मारत नाहीत. आरसे नसलेली गाडी आली की न विचारता आरसे बसवतात आणि नट गच्च आवळतात.

परवा दुकानात एक विद्यार्थी पेपर वाचत होता. थांबलेल्या गाड्यांच्या मधून दुचाकी काढायला कायद्यानं परवानगी द्यावी का, अशी चर्चा त्यात होती.

"द्यालेच पायजे," तो म्हणाला. "मिस्त्री, तुमीच तं म्हनत होते ना, हँडल निघालं का मानूस निघते!"

त्याच्या तोंडावर हात ठेवावा असं मला वाटलं. मिस्त्री हातातला पाना पुसत राहिले.

"म्हनत होतो बापा," ते म्हणाले. "पोरानं माह्यं तेवढंच आयकलं."